घंटी नसलेली सायकल आणि 92 टक्के

ताई,
मी नववी-दहावीच्या चार तुकड्यांना इंग्रजी शिकवते. नोकरीला अठरा वर्षं झाली. यंदा शाळेने एक पोर्टल घेतलं. मुलं निबंध त्यावर टाकतात. पोर्टल चुका काढतं, शेरा सुचवतं आणि निबंध एआयकडून लिहून घेतलाय का, याची टक्केवारी देतं. मागच्या महिन्यात नववीतल्या एका मुलाने आजोबांच्या सायकलवर निबंध दिला. एरवी त्याला चार वाक्यं धड जमत नाहीत, हा मात्र नीट होता. पोर्टलने 92 टक्के दाखवले. मी सगळ्या वर्गासमोर विचारलं, “कुठल्या ॲपने लिहून दिला?” तो काहीच बोलला नाही. शाळा सुटल्यावर दप्तराची चेन न लावताच निघून गेला. चार दिवसांनी त्याची आई कच्ची वही घेऊन आली. पेन्सिलीने तीनदा लिहिलेला, खोडलेला तोच निबंध. मी “बघते” म्हणाले. अजून काही केलेलं नाही. तो तासाला मान वर करत नाही.

मुख्याध्यापक म्हणतात, पुढच्या सत्रापासून निबंधांची तपासणी पूर्णपणे पोर्टलवर, शिक्षकांचा वेळ वाचेल. स्टाफरूममधली तरुण मंडळी म्हणतात, मॅडम, जमाना बदलला. खरं सांगायचं तर मीही वर्षभर प्रश्नपत्रिका एआयकडून काढून घेतेय. गेल्या सत्रात शेरेही घेतले. तीन मुलींनी आपापल्या वह्या शेजारी ठेवून मला दाखवल्या, तिन्हींवर एकच शेरा होता: ‘कल्पना चांगल्या, मांडणी अधिक सुसंगत हवी.’ हे पत्रसुद्धा मी त्याच्याकडून थोडं नीट करून घेतलंय, रागावू नका. आता मुलांना कुठल्या तोंडाने बोलू? मी जुनाट झालेय, की हे सगळं बंदच करायला हवं?
— एक इंग्रजीची शिक्षिका

बाई,

पोर्टल, जमाना आणि मुख्याध्यापक जरा थांबतील. तो मुलगा थांबणार नाही. उद्याच्या तासाला, हजेरी झाली की, त्याची माफी मागा. आरोप वर्गासमोर केला होता, तेव्हा माफीही वर्गासमोरच. बाजूला बोलावून, खांद्यावर हात ठेवून मागितलेली माफी तुम्हाला सोपी जाईल, पण वर्गातल्या बाकीच्यांच्या लेखी तो लबाडच राहील. दोन वाक्यं पुरेत: “तो निबंध तुझा होता. मी न विचारता तुला खोटं ठरवलं, चूक माझी.” ‘पोर्टलने सांगितलं म्हणून’ हे शब्द त्यात येऊ देऊ नका. बोट पोर्टलने दाखवलं असेल, तोंड तुमचं होतं. मग तो निबंध घरी न्या, हाताने तपासा, गुण द्या आणि त्याच्या आईला फोन करा. ‘बघते’ म्हणजे काय, हे तिला तुम्ही म्हणालात त्याच क्षणी कळलं असणार.

हे मी उंचावरून सांगत नाही. मीही आयुष्यभर वह्या तपासल्या. एकदा एका मुलीच्या निबंधातलं एक सुरेख वाक्य मी गाईडमधलं समजले, त्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘स्वतःचं लिहावं.’ सुट्टीत बाजारातली चारही गाईडं चाळली. ते वाक्य कशातच नव्हतं. शाळा उघडली तेव्हा ती मुलगी दुसऱ्या तुकडीत गेली होती आणि मी धीर गोळा करत करत ते वर्ष घालवलं. तेव्हा माझ्याकडे पोर्टल नव्हतं, नुसता संशय होता. त्याला टक्केवारी नव्हती म्हणून निदान तो संशयच वाटत होता.

आता त्या 92 कडे येऊ. तुम्ही भाषेच्या शिक्षिका आहात, म्हणून हे यंत्र काय पाहतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. एआयचं लिखाण ओळखणाऱ्या बऱ्याच प्रणाल्या मुख्यतः एक गोष्ट मोजतात: पुढचा शब्द किती अपेक्षित आहे. चॅटजीपीटीसारखा चॅटबॉट मजकूर तयार करतो तो, इथवरच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे हिशेबाने ठरवत. तपासणारं यंत्र तीच वाट उलटी चालतं. शब्द सगळे अपेक्षेप्रमाणे पडत गेले, वाक्यांची लांबी सारखी राहिली, की ते म्हणतं, हे यंत्राचं. निबंध लिहिताना त्याने कुणाला पाहिलेलं नसतं. कच्ची वही त्याच्यापुढे नसते. पुरावा म्हणून त्याच्याकडे काहीच नसतं, अंदाज असतो.

मग सांगा, कुणाचं इंग्रजी सगळ्यात अपेक्षित असतं? ज्याच्याकडे शब्द मोजके आहेत त्याचं. जो दुसरी भाषा जपून, पाऊल चाचपत लिहितो त्याचं. 2023 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा सात प्रणाल्या तपासल्या. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले, सगळे माणसांनी लिहिलेले. सरासरी 61 टक्के निबंधांवर यंत्राचा शिक्का बसला. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध त्याच प्रणाल्यांनी जवळजवळ बिनचूक ओळखले. आणि पुढची गंमत पाहा (गंमत कसली म्हणा). तेच टोफेलचे निबंध संशोधकांनी चॅटजीपीटीकडून भारी शब्द घालून सजवून घेतले, तर चुकीचे शिक्के एकदम कमी झाले. म्हणजे तुमच्या मुलाने निबंध खरोखर यंत्राकडून नटवून आणला असता, तर सुटण्याची शक्यता जास्त होती.

इथे मला तुमच्या फळ्याबद्दल एक प्रश्न आहे. निबंधाची सुरुवात कशी करावी, पहिल्या परिच्छेदानंतर कोणता जोडशब्द वापरावा, शेवट कोणत्या वाक्याने करावा, हे तुम्ही वर्गाला ठरावीक वाक्यांत दिलंय का? बहुतेक दिलं असेल. सगळे देतात, मीही दिलं. परीक्षेत कच्च्या मुलांना त्याचा आधार होतो. तीच वाक्यं इमानेइतबारे पाठ करून त्याने वापरली असणार. यंत्राला ती ‘फारच अपेक्षित’ वाटली. तुम्ही शिकवलेलं त्याने नीट केलं, याची शिक्षा त्याला झाली असण्याची शक्यता बरीच आहे. वही परत उघडाल तेव्हा हे एकदा तपासून बघा.

थोडं गणितही. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी 2023 मध्ये एआयचं लिखाण ओळखायचं साधन आणलं. कंपनीने स्वतः दिलेले आकडे असे: यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी 26 टक्के ते पकडत होतं आणि माणसाने लिहिलेल्यापैकी 9 टक्क्यांवर चुकून बोट ठेवत होतं. 9 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. समजा, 400 निबंध आले. 100 यंत्राकडून आणलेले, 300 मुलांनी घाम गाळून लिहिलेले. लबाड सापडले 26. निर्दोष सापडले 27. त्या जुलैत कंपनीने अचूकता कमी असल्याचं सांगून ते साधन मागे घेतलं. नंतरची साधनं सुधारली असतील, तुमचं त्यात चांगलंही असेल. पण विक्रेत्याने तुमच्या शाळेला हे दोन आकडे वेगवेगळे सांगितलेत का? ‘इतके टक्के अचूक’ या एका आकड्यामागे दोन्ही झाकले जातात. आणि त्या 92 चा अर्थ तरी काय? निबंधातला इतका भाग यंत्राचा, की निबंध यंत्राचा असण्याची तेवढी शक्यता? दोन्ही प्रकारची साधनं आहेत, आणि घाईच्या वाचनात दोन्ही आकडे ‘चोर सापडला’ असेच वाचले जातात.

टक्केवारी दाखवणारा तो भाग बंद करता येत असेल तर बंद करा. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट 2023 मध्ये असाच निर्णय घेतला. येत नसेल तर तो आकडा वर्गात उच्चारू नका, मुलाच्या नोंदीत जाऊ देऊ नका. मग खरंच कुणी यंत्राकडून लिहून आणलं तर? आणतील. गाईडमधून आणत होते, मोठ्या बहिणीकडून आणत होते. पहिला खर्डा वर्गातच, हाताने, तुमच्यासमोर लिहून घ्या. कच्ची वही निबंधाचाच भाग धरा आणि तिला गुण ठेवा. मुलांवर पहारा म्हणून हे सांगत नाहीये. त्या आईने आणलेल्या वहीत तीन वेळा खोडलेलं जे आहे, तिथेच तो मुलगा इंग्रजी शिकला. पोर्टलवर चढवलेला निबंध हे त्या खटाटोपातून मागे उरलेलं सामान. आपण इतकी वर्षं उरलेल्या सामानालाच गुण देत आलो, म्हणून ते बाहेरून आणणाऱ्यांचं फावतं.

संशय आलाच तर दोन मिनिटं जवळ बसून विचारा: हे वाक्य असं का लिहिलंस, आधी काय लिहिलं होतंस? मात्र जपून. लाजरं मूल स्वतःच्याच निबंधाबद्दल बोलताना गडबडतं आणि चुणचुणीत मूल दुसऱ्याच्याबद्दलही धडाधड बोलतं. तेही विचारणं म्हणूनच करा, उलटतपासणी म्हणून नको.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते तीन मुलींचं. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात. ‘कल्पना चांगल्या, मांडणी अधिक सुसंगत हवी.’ या शेऱ्यात चूक काहीच नाही, आणि तीच अडचण आहे. तो जगातल्या प्रत्येक निबंधाला लागू पडतो. मी तीस वर्षांत लिहिलेले निम्मे शेरेही याच जातीचे होते, कबूल आहे. ‘छान’, ‘अक्षर सुधारा’, ‘अजून प्रयत्न हवा’. पण रात्री अकरा वाजता कंटाळून ‘छान’ लिहिणाऱ्या बाईने तो निबंध निदान वाचलेला असायचा. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात ती म्हणू शकायची, “काय गं, तुझा तो भाऊ रुसला होता, त्याचं पुढे काय झालं?” त्या तिघींनी वह्या शेजारी ठेवल्या त्या शेरे जुळवायला. आपलं कुणी वाचलं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. उत्तर त्यांना मिळालं.

म्हणून मुख्याध्यापकांना नाही म्हणायचं असेल तर ते इथे उभं राहून म्हणा. मात्र त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करा. चार तुकड्या, तुकडीत 45 मुलं धरली तर 180 निबंध. एकाला सात मिनिटं म्हटली तर 21 तास होतात, आणि हे ऑफ तासात मावत नाही. जो कुणी शिक्षकाला ‘प्रेमाने तपासा’ असा उपदेश करतो, त्याच्या हाती एक गठ्ठा द्यावा. यंत्राचं आकर्षण आळसातून आलेलं नाही. ते या 21 तासांतून आलंय. शाळेने तुकडी लहान केली असती, तपासणीला तास दिला असता, तर पोर्टलवाल्याला आत यायला फटच मिळाली नसती.

हे आश्वासन जुनं आहे, तेही सांगून ठेवते, कारण स्टाफरूममध्ये ‘जमाना बदलला’ म्हणणाऱ्यांना वाटतं हे काल सुरू झालं. एडिसनने 1913 मध्ये भाकीत केलं होतं की चलच्चित्रांमुळे शाळेतली पुस्तकं लवकरच बाद होतील आणि दहा वर्षांत शाळा पार बदलून जाईल. 1920 च्या दशकात सिडनी प्रेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मुलांची उत्तरं तपासणारं यंत्र बनवलं. शिक्षकाचं कंटाळवाणं काम वाचावं, हाच हेतू. नोव्हेंबर 1953 मध्ये बी. एफ. स्किनर हे दुसरे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. त्यांना दिसलं की सगळ्या मुलांना एकाच वेगाने हाकलं जातंय आणि आपलं उत्तर बरोबर की चूक, हे कुणालाच लगेच कळत नाही. त्यातून त्यांचं शिकवणी-यंत्र आलं. स्किनरचं निदान आजही खरं आहे बरं का, नववीतल्या मुलाला निबंध तीन आठवड्यांनी परत मिळतो तेव्हा तो काय लिहिलं होतं तेच विसरलेला असतो. निदानाबद्दल तक्रार नाही. मूल अडकलं की त्याला उत्तर हवं असतं एवढंच धरलं गेलं. कुणासाठी लिहितोय, हे निसटलं.

तर मधला मार्ग सांगते, शिळा असला तरी टिकाऊ आहे. सगळ्या चुका तपासू नका. या खेपेला फक्त क्रियापदांचे काळ, पुढच्या खेपेला फक्त पहिला परिच्छेद. वाचा सगळं, लाल पेन एकाच ठिकाणी चालवा. शेवटी एक ओळ अशी लिहा, जी दुसऱ्या कुठल्याच वहीवर लिहिता येणार नाही. तीन मिनिटांत होतं, 21 तासांचे नऊ होतात. शुद्धलेखनाच्या चुका पोर्टलला खुशाल दाखवू द्या, मुलांनी पक्कं लिहिण्याआधी त्या स्वतः दुरुस्त कराव्यात. त्यात माझी हरकत नाही.

मुलांच्या वापराबद्दल तुम्ही ‘सगळं बंद’ म्हणता. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी जानेवारी 2023 मध्ये चॅटजीपीटीवर बंदी घातली आणि मे महिन्यात ती उठवली. बंदी शाळेच्या वायफायवर चालते, घरच्या फोनवर चालत नाही. पण ‘वापरू द्या, शिकतील’ हेही इतकं सोपं नाही. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. सरावाच्या वेळी काहींना साधा चॅटबॉट दिला, काहींना शिक्षकांच्या मदतीने घडवलेला, उत्तर न देता इशारे देणारा, काहींना काहीच नाही. सरावात साध्या चॅटबॉटवाल्यांचे गुण 48 टक्क्यांनी चढले. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षाही हे 17 टक्क्यांनी मागे पडले. इशारेवाल्यांचे सरावातले गुण तर 127 टक्क्यांनी वाढले होते. परीक्षेत त्यांचं नुकसान जवळपास झालं नाही, पण काही न मिळालेल्यांच्या पुढेही ते गेले नाहीत. हे गणिताचं आहे, निबंधाला जसंच्या तसं लावू नका. पण त्यातली एक बाब कुठल्याही वर्गात ओळखीची वाटेल: आपण कमी शिकलो, हे त्या मुलांना जाणवलंच नव्हतं.

वर्गाला हे नीतीचा धडा म्हणून सांगाल तर अर्धी मुलं खिडकीबाहेर बघतील. त्याऐवजी एक तास खर्च करा. ‘आजोबांची सायकल’ याच विषयावर एआयकडून निबंध काढून फळ्यावर लावा आणि मुलांना त्यात चुका, थापा, पोकळ वाक्यं शोधायला लावा. नंतर, त्या मुलाची परवानगी असेल तरच, त्याचा निबंध वाचा. नसेल तर राहू द्या. त्या दिवसानंतर त्याला कुणाच्या नजरेसमोर यायचं नसेल, तर तोही त्याचा हक्क आहे.

आता तुमची स्वतःची गोष्ट. प्रश्नपत्रिका एआयकडून काढता, मग मुलांना कुठल्या तोंडाने बोलू, असं तुम्ही विचारलंत. याच तोंडाने बोला. तुम्हाला प्रश्नपत्रिका काढता येते, शंभर काढून झाल्यात. एआयने दोन प्रश्न चुकीचे घातले, एक अभ्यासक्रमाबाहेरचा घातला, तर तुमच्या डोळ्यांना तो खुपतो. नववीतल्या मुलाला अजून खुपत नाही, ते खुपायला लागावं म्हणूनच तर तो तुमच्यापुढे बसलाय. एकच साधन, पण येणाऱ्याच्या हातात ते वेळ वाचवतं आणि शिकणाऱ्याच्या हातात कधीकधी शिकणंच चुकवतं. फक्त हे लपवू नका. मुलांना सांगा, प्रश्नपत्रिकेचा पहिला खर्डा मी असा काढते, त्यातले इतके प्रश्न फेकून दिले, हे का फेकले. त्यांना चोरून वापरणारी बाई नकोय. शेरे मात्र परत तुमच्याकडे घ्या, ते कारण वर येऊन गेलं.

मुख्याध्यापकांकडे लेखी जा, तोंडी ‘मला पटत नाही’ म्हणालात तर ‘वयाचा प्रश्न’ म्हणून तुम्हाला बाजूला बसवतील. मुलांचे निबंध कुठे साठवले जातात, किती काळ राहतात, पोर्टलवाली कंपनी ते आपलं यंत्र शिकवायला वापरते का, हे विचारा. नववीतलं मूल निबंधात आईबापांचं भांडण लिहितं, आजार लिहितं. ते वहीत होतं तोवर तुमच्या कपाटात होतं. महासाथीच्या काळात सरकारांनी सुचवलेली शैक्षणिक ॲप्स ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने तपासली आणि 2022 मध्ये अहवाल दिला, त्यातली 89 टक्के मुलांची माहिती त्यांच्या हक्कांना बाधा येईल अशा रीतीने हाताळत होती. युनेस्कोने सप्टेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा एआय साधनांच्या स्वतंत्र वापरासाठी किमान 13 वर्षं वय सुचवलंय. तुमची मुलं त्याच्या थोडीच पुढे आहेत, पण शाळा हेच पोर्टल उद्या सहावीला लावणार असेल तर ते आजच विचारा.

आणि सगळ्यात आधी हे विचारा: पोर्टलने दिलेले गुण चुकले तर मुलाने जायचं कुणाकडे? नाव हवं, माणसाचं. इंग्लंडमध्ये 2020 मध्ये महासाथीमुळे परीक्षा झाल्या नाहीत, म्हणून ऑगस्टमध्ये ए-लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या बारावीच्या, श्रेण्या ठरवताना शिक्षकांच्या अंदाजांवर एका गणिती सूत्राने कात्री चालवली. ते सूत्र त्या शाळेचे मागचे निकाल बघायचं. जवळजवळ 40 टक्के श्रेण्या शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या. ज्या शाळेत आजवर कुणी चमकलं नव्हतं तिथली हुशार मुलं सगळ्यात जास्त भरडली गेली. मुलं रस्त्यावर आली आणि चार दिवसांत सरकारने तो निकाल मागे घेऊन शिक्षकांचे अंदाज ग्राह्य धरले. ‘याला एरवी चार वाक्यं जमत नाहीत’ हे तुमचं वाक्य आणि ते सूत्र, दोन्ही एकाच रीतीने विचार करतात, हे तुम्हाला टोचलं तर टोचू द्या. युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्याने विद्यार्थ्यांचं मूल्यमापन करणारं एआय जास्त जोखमीच्या यादीत घातलंय आणि त्यावर माणसाची देखरेख सक्तीची केलीय. तेव्हा ‘माणूस हवा’ म्हणणं जुनाटपणाचं लक्षण असेल, तर तुम्हाला बरीच मोठी संगत आहे.

राहता राहिलं तुमचं पत्र. ‘थोडं नीट करून घेतलंय’ म्हणालात. वाचताना मी पेन्सिल घेऊन बसले होते, सवय जात नाही. दप्तराची चेन न लावताच तो निघून गेला, या वाक्याखाली मी रेघ मारली आणि मनात म्हटलं, हे नक्की बाईंचं स्वतःचं. मग पेन्सिल खाली ठेवली. आत्ताच तर दोन पानं खर्चून तुम्हाला सांगितलं की असं बघून कळत नाही. यंत्रही लिहील दप्तराची चेन.

म्हणून विचारते. ते वाक्य तुमचं का? आणि त्याच्या निबंधातल्या सायकलचं काय होतं, तेही कळवा. तुम्ही पोर्टलचा आकडा लिहिलात, आईची वही लिहिलीत, निबंधातलं मात्र एक अक्षर लिहिलं नाहीत. माझ्या आजोबांच्या सायकलला घंटी नव्हती, वळणावर ते तोंडानेच ट्रिंग ट्रिंग करायचे. त्याच्या आजोबांचं काय?